उद्योगाचे हस्तांतरण आणि कामगारांचे निवृत्तिवेतन

उद्योगधंद्याची मालकी बदलणे ही आर्थिक जीवनातील नित्याची घटना आहे. १९९१ नंतरच्या आर्थिक सुधारणांच्या काळात विलीनीकरण, विक्री, निर्गुंतवणूक, महामंडळीकरण आणि दिवाळखोरी प्रक्रियेतून होणारे हस्तांतरण यांचे प्रमाण वाढले. अशा व्यवहाराची चर्चा बहुधा किंमत, कर्जे, जमीन आणि बाजारपेठ यांच्या अंगाने होते. त्या उद्योगात वीस-पंचवीस वर्षे काम केलेल्या कामगाराच्या मनात मात्र वेगळाच प्रश्न असतो: जुन्या मालकाच्या काळात साठलेला भविष्य निर्वाह निधी, मोजली गेलेली सेवा आणि म्हातारपणीचे निवृत्तिवेतन यांचे आता काय होणार?

स्पर्धा परीक्षांच्या दृष्टीने हा विषय सामाजिक सुरक्षा, कामगार कायदे, निर्गुंतवणूक आणि दिवाळखोरी संहिता अशा चार प्रकरणांना एकत्र जोडणारा आहे. प्रस्तुत लेखात भारतातील कायदा, न्यायालयीन निर्णय आणि प्रत्यक्ष घडलेली हस्तांतरणे यांच्या आधारे त्याचा विचार केला आहे. कोणत्याही हस्तांतरणात निवृत्तिवेतन किती सुरक्षित राहील हे तीन प्रश्नांच्या उत्तरांवर ठरते. पैसा मालकाच्या तिजोरीपासून वेगळा ठेवलेला आहे काय? आधीची सेवा पुढे जोडली जाते काय? आणि काही तूट राहिल्यास ती कोणी भरून काढायची?

निवृत्तिकालीन लाभांचे चार प्रकार

संघटित क्षेत्रातील कामगाराला निवृत्तीच्या वेळी मिळणारे लाभ सामान्यतः चार प्रकारचे असतात. हस्तांतरणाचा प्रत्येकावर होणारा परिणाम निराळा असल्याने त्यांतील भेद प्रथम लक्षात घ्यावा.

पहिला प्रकार भविष्य निर्वाह निधीचा. १९५२ च्या कायद्याने उभ्या केलेल्या या व्यवस्थेत कामगार व मालक प्रत्येकी सामान्यतः वेतनाच्या १२ टक्के अंशदान देतात. ही रक्कम कामगाराच्या वैयक्तिक खात्यावर जमा होते. ती भरली गेल्यानंतर मालक कोण आहे याला फारसे महत्त्व उरत नाही.

दुसरा प्रकार १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झालेल्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेचा. मालकाच्या १२ टक्क्यांपैकी ८.३३ टक्के रक्कम या योजनेत जाते व केंद्र सरकार १.१६ टक्के भर घालते. यासाठीची वेतनमर्यादा १ सप्टेंबर २०१४ पासून १५,००० रुपये करण्यात आली. येथे वैयक्तिक खाते नसते. सर्वांचा निधी एकत्र असतो आणि निवृत्तिवेतन सेवेची वर्षे व वेतन यांच्या सूत्रानुसार ठरते. त्यामुळे या योजनेत सेवेच्या नोंदीला पैशाइतकेच मोल आहे.

तिसरा प्रकार उपदानाचा, म्हणजेच ग्रॅच्युइटीचा. सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन या दराने हे उपदान मिळते. १९७२ च्या कायद्यान्वये त्यासाठी सर्वसाधारणपणे पाच वर्षांची सलग सेवा आवश्यक ठरवण्यात आली. हा पैसा अनेक ठिकाणी स्वतंत्र निधीत नसतो. मालकाच्या हिशेबवहीत ते केवळ एक देणे असते.

चौथा प्रकार कंपनीने स्वतः सुरू केलेल्या वार्धक्य निधीचा. काही मोठ्या आस्थापना न्यास स्थापून किंवा आयुर्विमा महामंडळाच्या गट योजनेमार्फत हा लाभ देतात. तो कायद्याने सक्तीचा नाही. त्याचा आधार करार आणि न्यासपत्र हा असतो.

यावरून दिसते की पहिल्या दोन प्रकारांत पैसा मालकाच्या हाताबाहेर गेलेला असतो. तिसऱ्यात तो बहुधा मालकाकडेच असतो आणि चौथ्यात न्यासाच्या अटींवर सारे अवलंबून असते.

मालकी बदलण्याचे मार्ग

‘कंपनी विकली’ हा बोलण्यातला शब्दप्रयोग अनेक वेगवेगळ्या व्यवहारांना लागू होतो. समभागांची विक्री झाली तर कंपनी ही कायदेशीर व्यक्ती तीच राहते, केवळ तिचे भागधारक बदलतात. नोकरीचा करार, निधीचे खाते आणि आस्थापनेचा संकेतांक यांत बदल होत नाही. निवृत्तिवेतनाच्या दृष्टीने हा सर्वांत सुरळीत मार्ग होय.

कारखाना किंवा व्यवसायाचा एखादा विभागच दुसऱ्या कंपनीला विकला, तर मात्र मालक ही कायदेशीर व्यक्तीच बदलते. खऱ्या अडचणी येथे सुरू होतात. कंपनी कायद्यानुसार होणाऱ्या विलीनीकरणात राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने मंजूर केलेल्या योजनेत कर्मचाऱ्यांची सेवा अखंड मानण्याचे कलम सहसा असते. सरकारी खात्याचे महामंडळात रूपांतर आणि दिवाळखोरी प्रक्रियेतील हस्तांतरण हे आणखी दोन मार्ग. त्यांचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

बार्शी लाइट रेल्वे: एका कायद्याचा उगम

मालक बदलताना कामगाराच्या सेवेचे काय, हा प्रश्न भारतीय कायद्यापुढे ठळकपणे आला तो सोलापूर जिल्ह्यातील एका छोट्या रेल्वेमुळे. बार्शी लाइट रेल्वे ही खासगी कंपनीची अरुंदमापी रेल्वे होती. १ जानेवारी १९५४ रोजी ती सरकारने ताब्यात घेतली आणि कंपनीकडील कामगारांची सेवा संपुष्टात आली. बहुसंख्य कामगारांना रेल्वे प्रशासनाने पुन्हा कामावर घेतले. परंतु जुन्या कंपनीने सेवा संपवली म्हणून कपातीची नुकसानभरपाई मिळावी, अशी मागणी पुढे आली.

हरिप्रसाद शिवशंकर शुक्ल विरुद्ध ए. डी. दिवेलकर या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९५६ साली निर्णय दिला. चालू उद्योगातील जादा कामगार कमी करणे म्हणजे कपात. संपूर्ण उद्योगच बंद झाला किंवा खरोखर दुसऱ्याच्या हाती गेला तर त्याला कपात म्हणता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. कायद्यातील ही पोकळी उघडी पडताच संसदेने १९५७ साली औद्योगिक विवाद कायद्यातील कलम २५-एफएफ नव्या स्वरूपात आणले.

या कलमाने हस्तांतरणाच्या वेळी किमान एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगाराला सूचना व नुकसानभरपाई मिळण्याचा हक्क दिला. मात्र तीन अटी पूर्ण झाल्यास जुन्या मालकाला भरपाई द्यावी लागत नाही. हस्तांतरणामुळे सेवा खंडित झालेली नसावी. नव्या मालकाकडील सेवाशर्ती पूर्वीपेक्षा कमी अनुकूल नसाव्यात. आणि पुढे कधी कपात झाल्यास सेवा अखंड मानून भरपाई देण्याचे दायित्व नव्या मालकावर असावे. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार श्रम संहिता लागू झाल्या. औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्ये हेच तत्त्व कायम ठेवण्यात आले आहे.

येथे दोन मर्यादा ध्यानात ठेवाव्यात. हे संरक्षण कायद्याच्या व्याख्येत बसणाऱ्या कामगारांना आहे. व्यवस्थापकीय कर्मचाऱ्यांना करारावरच विसंबावे लागते. तसेच, नव्या मालकाने प्रत्येक कामगाराला घेतलेच पाहिजे असे बंधन हे कलम घालत नाही. एक तर सेवेचे सातत्य, नाही तर भरपाई, असे त्याचे सूत्र आहे.

थकलेले अंशदान कोणी भरायचे?

अडचणीत आलेला मालक सर्वप्रथम ज्या गोष्टी थकवतो त्यांत भविष्य निर्वाह निधीचे अंशदान असते. कामगाराच्या पगारातून कपात झालेली असते, परंतु रक्कम निधी संघटनेकडे पोहोचलेली नसते. असा कारखाना विकला गेल्यास थकबाकी कोणाची?

१९५२ च्या कायद्यातील कलम १७-ब याचे उत्तर देते. विक्री, देणगी, भाडेपट्टा, परवाना किंवा अन्य कोणत्याही रीतीने आस्थापना पूर्णतः अथवा अंशतः हस्तांतरित झाल्यास हस्तांतरणाच्या तारखेपर्यंतच्या देण्याबद्दल जुना व नवा मालक संयुक्तपणे आणि स्वतंत्रपणेही जबाबदार असतात. नव्या मालकाची जबाबदारी मात्र त्याला मिळालेल्या मालमत्तेच्या मूल्याइतकी मर्यादित असते. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही अशाच स्वरूपाची तरतूद आहे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका कारखान्याची थकबाकी ८० लाख रुपये आहे. नव्या मालकाला हस्तांतरणातून मिळालेल्या मालमत्तेचे मूल्य ६० लाख रुपये आहे. निधी संघटना संपूर्ण ८० लाखांची मागणी जुन्या मालकाकडे करू शकते. नव्या मालकाकडून मात्र तिला जास्तीत जास्त ६० लाख वसूल करता येतील. ‘आम्ही आपसांत तसा करार केला आहे’ असे सांगून दोघांपैकी कोणालाही ही वैधानिक जबाबदारी टाळता येत नाही. आपसांतील करार दोघांनी एकमेकांकडून भरपाई मागण्यापुरता उपयोगी पडतो. महाराष्ट्रात सहकारी साखर कारखाने भाडेपट्ट्याने चालवायला दिल्याची उदाहरणे आहेत. कलमात भाडेपट्ट्याचा स्पष्ट उल्लेख असल्याने त्याचे महत्त्व तेथेही तितकेच आहे.

न्यायालयांनी या तरतुदीचा अर्थ कामगाराच्या बाजूने व्यापक केला. सयाजी मिल्स प्रकरणात (१९८४) अवसायनात निघालेली गिरणी विकत घेणाऱ्याने आपली आस्थापना नवी असल्याचा दावा करून नव्या आस्थापनांना त्या काळी मिळणारी सूट मागितली. मालक बदलला म्हणून आस्थापना नवी ठरत नाही, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने तो दावा फेटाळला. नव्या आस्थापनांची ही सूटच पुढे १९९७ साली रद्द झाली. मॅकलिऑड रसेल प्रकरणात (२०१४) एका चहामळ्याच्या हस्तांतरणासंबंधी निर्णय देताना, विलंबाबद्दल आकारली जाणारी दंडात्मक नुकसानभरपाईही संयुक्त जबाबदारीत मोडते, असे न्यायालयाने ठरवले.

तिसरा महत्त्वाचा निर्णय महाराष्ट्राशी निगडित आहे. महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेच्या प्रकरणात (२००९) साखर कारखान्यांनी बँकेकडे तारण ठेवलेल्या साखरेवर पहिला हक्क कोणाचा, असा वाद होता. भविष्य निर्वाह निधीची देणी हा कारखान्याच्या मालमत्तेवरील प्रथम बोजा आहे आणि बँकेच्या तारणी कर्जाहून त्याला अग्रक्रम आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने दिला. कारखाना विकत घेणाऱ्याने आणि त्याला कर्ज देणाऱ्यानेही ही देणी आधी तपासली पाहिजेत, असा या निर्णयाचा व्यावहारिक अर्थ आहे.

सेवेचे सातत्य: आकड्यांतून

पैसा सुरक्षित राहिला तरी सेवा तुटली तर नुकसान होतेच. ते किती मोठे असू शकते हे दोन उदाहरणांवरून स्पष्ट होईल.

कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेचे मूळ सूत्र असे आहे: निवृत्तिवेतनयोग्य वेतनाला निवृत्तिवेतनयोग्य सेवेच्या वर्षांनी गुणून ७० ने भागावे. मासिक निवृत्तिवेतनासाठी किमान दहा वर्षांची सेवा लागते. वीस किंवा अधिक वर्षे सेवा करून ५८ व्या वर्षी निवृत्त होणाऱ्यास दोन वर्षांची वाढीव सेवा मिळते. समजा, एका कामगाराची जुन्या मालकाकडे ८ वर्षे व नव्या मालकाकडे १४ वर्षे सेवा झाली. सारी सेवा १ सप्टेंबर २०१४ नंतरची आहे आणि निवृत्तिवेतनयोग्य वेतन १५,००० रुपये आहे. हेच सूत्र कायम राहील असे धरू.

हस्तांतरणाच्या वेळी त्याने जुनी सेवा पुढे जोडली, तर एकूण सेवा २२ वर्षे होते आणि वाढीव दोन वर्षे धरून २४ वर्षे मोजली जातात. निवृत्तिवेतन येते सुमारे ५,१४३ रुपये. पण त्या वेळी त्याने निवृत्तिवेतन योजनेतील रक्कम काढून घेतली, तर केवळ १४ वर्षे उरतात, वाढीव सेवाही मिळत नाही आणि निवृत्तिवेतन ३,००० रुपयांवर येते. दरमहा सुमारे २,१४३ रुपयांचा हा फरक आयुष्यभराचा आहे. हाताशी आलेली छोटी रक्कम पुढे किती महाग पडते, हे यावरून कळावे.

उपदानाचे गणितही असेच आहे. एका कामगाराला जुन्या मालकाकडे १२ वर्षे झाली आणि हस्तांतरणाच्या वेळी त्याचे मासिक वेतन १३,००० रुपये होते. नंतर नव्या मालकाकडे १३ वर्षे काम करून ३९,००० रुपये वेतनावर तो निवृत्त झाला. महिन्याचे २६ दिवस धरून पंधरा दिवसांचे वेतन काढले जाते. सेवा अखंड मानली तर २५ वर्षांचे उपदान शेवटच्या वेतनावर ५,६२,५०० रुपये होते. सेवा तोडून जुन्या मालकाने ९०,००० रुपये दिले व नव्याने १३ वर्षांचे २,९२,५०० रुपये दिले, तर एकूण ३,८२,५०० रुपये होतात. नियमाप्रमाणे दोन्ही मालकांनी पूर्ण पैसे देऊनही, आधी मिळालेल्या रकमेवरील व्याज बाजूला ठेवल्यास, कामगाराचे १,८०,००० रुपये कमी झाले. कारण जुन्या वर्षांची किंमत जुन्या, कमी वेतनावर मोजली गेली.

म्हणूनच हस्तांतरणाच्या करारात ‘सेवा अखंड मानली जाईल’ हे एक वाक्य असणे वा नसणे यावर कामगाराच्या लाखो रुपयांचा प्रश्न अवलंबून असतो.

सूट मिळालेले न्यास

काही मोठ्या कंपन्या भविष्य निर्वाह निधी संघटनेकडे पैसे न भरता, कायद्याच्या कलम १७ खालील सूट घेऊन स्वतःच्या न्यासामार्फत निधी सांभाळतात. अशा न्यासाने किमान संघटनेइतके व्याज द्यावे लागते आणि गैरव्यवहार किंवा चुकीच्या गुंतवणुकीमुळे तूट आल्यास ती मालकाने भरून द्यायची असते. मालकी बदलताना या न्यासाचे लेखापरीक्षण अत्यावश्यक ठरते. न्यासाने पूर्वी घेतलेले रोखे बुडीत निघाले असतील, तर सदस्यांच्या खात्यावर दिसणारी रक्कम आणि न्यासाकडे प्रत्यक्ष असलेली मालमत्ता यांत अंतर पडते. नव्या मालकाने न्यास पुढे न चालवता सूट सोडून दिली, तर संपूर्ण जमा रक्कम संघटनेकडे वर्ग करावी लागते. त्या वेळी हे अंतर उघड होते.

सरकारी उपक्रमांचा अनुभव

सरकारी उपक्रमांच्या बाबतीत निवृत्तिवेतनाचा प्रश्न प्रत्येक वेळी निराळ्या रीतीने सोडवला गेला.

दूरसंचार विभागाच्या सेवा १ ऑक्टोबर २००० पासून भारत संचार निगम लिमिटेडकडे गेल्या. तत्पूर्वी ३० सप्टेंबर २००० रोजी केंद्रीय नागरी सेवा निवृत्तिवेतन नियमांत नियम ३७-अ समाविष्ट करण्यात आला. त्यानुसार निगममध्ये सामावून घेतलेल्या सरकारी कर्मचाऱ्यांना सरकारी आणि निगममधील अशा एकत्रित सेवेवर निवृत्तिवेतन देण्याची हमी मिळाली. येथे मालक बदलला, पण देणारा हात सरकारचाच राहिला.

१ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळाच्या ४१ कारखान्यांची विभागणी सात कंपन्यांमध्ये झाली. त्यांपैकी म्युनिशन्स इंडिया लिमिटेडचे मुख्यालय पुण्यात व यंत्र इंडिया लिमिटेडचे नागपुरात आहे. येथील कर्मचाऱ्यांना आरंभी दोन वर्षांसाठी मानीव प्रतिनियुक्तीवर पाठवण्यात आले व पुढे मुदत वाढवण्यात आली. या काळात ते केंद्र सरकारचेच कर्मचारी राहतात.

एअर इंडियाचे हस्तांतरण याहून वेगळे होते. २७ जानेवारी २०२२ रोजी ही कंपनी टाटा समूहाकडे गेली. तोपर्यंत तेथील भविष्य निर्वाह निधी १९२५ च्या जुन्या कायद्याखाली होता आणि मालक व कर्मचारी प्रत्येकी १० टक्के अंशदान देत असत. वैधानिक निवृत्तिवेतन किंवा विमा योजना तेथे नव्हती. कर्मचारी स्वतःच्या अंशदानावर आधारित वार्षिकी योजनेत सहभागी होत. कंपनीच्या अर्जावरून १ डिसेंबर २०२१ पासून १९५२ चा कायदा स्वेच्छेने लागू करण्यात आला व सुमारे ७,४५३ कर्मचाऱ्यांना त्याचे संरक्षण मिळाले. मालकाचे अंशदान १२ टक्के झाले. किमान १,००० रुपये निवृत्तिवेतन तसेच २.५ लाख ते ७ लाख रुपयांचे विमा संरक्षण उपलब्ध झाल्याचे श्रम मंत्रालयाने जाहीर केले. हा लाभ खराच. तथापि, नव्या योजनेतील सेवा सामान्यतः सदस्यत्वाच्या तारखेपासून मोजली जाते. त्यामुळे निवृत्तीला दहा वर्षांहून कमी काळ उरलेल्या ज्येष्ठ कर्मचाऱ्याला मासिक निवृत्तिवेतनाची किमान अट पूर्ण करणे कठीण जाते. तरुण व ज्येष्ठ कर्मचाऱ्यांवर एकाच हस्तांतरणाचा परिणाम सारखा होत नाही, ही गोष्ट येथे शिकण्यासारखी आहे.

दिल्ली विद्युत मंडळाचे उदाहरण तिसऱ्या प्रश्नाशी, म्हणजे तूट कोणी भरायची याच्याशी संबंधित आहे. १ जुलै २००२ रोजी मंडळाचे विभाजन होऊन वितरण तीन कंपन्यांकडे सोपवण्यात आले व त्यांत ५१ टक्के भागभांडवल खासगी कंपन्यांकडे गेले. जुन्या कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिलाभांसाठी स्वतंत्र न्यास स्थापन झाला. परंतु न्यासाकडील निधी आणि त्यावरील देणी यांचा मेळ बसला नाही. सरकार, वितरण कंपन्या आणि न्यास यांच्यात दायित्वाबद्दल दीर्घकाळ वाद झाले. अखेर वीजग्राहकांच्या देयकात निवृत्तिवेतन न्यासासाठी अधिभार लावला गेला. हस्तांतरणाच्या दिवशी देण्यांचे मूल्यमापन अपुरे राहिले, तर त्याचा भार कधी ना कधी तिसऱ्याच कोणावर पडतो.

दिवाळखोरीतून होणारे हस्तांतरण

दिवाळखोरी व नादारी संहिता, २०१६ च्या कलम ३६ नुसार भविष्य निर्वाह निधी, निवृत्तिवेतन निधी व उपदान निधी यांतून कामगारांना देय असलेल्या रकमा अवसायनाच्या मालमत्तेत धरल्या जात नाहीत. म्हणजे इतर धनकोंच्या रांगेत त्यांना उभे राहावे लागत नाही.

जेट एअरवेज प्रकरणात याची कसोटी लागली. एप्रिल २०१९ मध्ये या कंपनीची उड्डाणे थांबली आणि जूनमध्ये दिवाळखोरी प्रक्रिया सुरू झाली. मंजूर झालेल्या पुनरुज्जीवन योजनेत कामगारांच्या देण्यांसाठी अपुरी तरतूद होती. राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने ऑक्टोबर २०२२ मध्ये, प्रक्रिया सुरू होण्याच्या तारखेपर्यंतचा भविष्य निर्वाह निधी व उपदान कामगारांना पूर्ण द्यावे, असा आदेश दिला. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. पण योजना प्रत्यक्षात उतरलीच नाही आणि ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या अवसायनाचा आदेश दिला. न्यायालयात सिद्ध झालेला हक्क आणि हातात पडलेला पैसा यांत किती अंतर असू शकते, हे या प्रकरणाने दाखवले.

एक तुलना

ब्रिटनमध्ये व्यवसाय हस्तांतरित झाल्यास नोकरीचा करार आपोआप नव्या मालकाकडे जातो. १९८१ चे आणि त्यांच्या जागी आलेले २००६ चे नियम यासाठीच आहेत. परंतु कंपनीच्या निवृत्तिवेतन योजनेतील वार्धक्यलाभ या आपोआप हस्तांतरणातून वगळलेले आहेत. ती उणीव भरून काढण्यासाठी २००४ च्या निवृत्तिवेतन कायद्याने नव्या मालकावर किमान पातळीची योजना देण्याचे बंधन घातले. भारतात याउलट स्थिती आहे. येथे वैधानिक निधी व निवृत्तिवेतन एका केंद्रीय संघटनेकडे असल्याने ते मालकापासून बरेचसे अलिप्त आहे. पण नोकरीच आपोआप पुढे जाईल याची हमी नाही.

उणिवा आणि उपाय

वरील विवेचनावरून काही उणिवा पुढे येतात. उपदानाचा स्वतंत्र निधी सर्वत्र नसल्याने ते मालकाच्या आर्थिक स्थितीवर अवलंबून राहते. विक्रीच्या वाटाघाटींत कामगार हा पक्षकार नसतो. त्याला बहुधा निर्णय झाल्यावरच कळते. कंत्राटी कामगारांच्या बाबतीत तर कंत्राटदार बदलला की सेवेची नोंदच तुटते.

उपायही या उणिवांतूनच सुचतात. २०१४ साली सुरू झालेल्या सार्वत्रिक खाते क्रमांकामुळे मालक बदलला तरी सदस्याची ओळख कायम राहू लागली. राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणालीतील कायम खाते क्रमांकही त्याच तत्त्वावर आहे. उपदानासाठी विमा किंवा मान्यताप्राप्त निधी सर्वत्र असणे, हस्तांतरणापूर्वी देण्यांचे विमागणिती मूल्यमापन होणे आणि त्याचा अहवाल कामगार संघटनेला मिळणे, ही पुढील पावले होत. कामगारानेही हस्तांतरणाच्या वेळी आपल्या खात्याचे विवरण तपासावे, सेवाप्रवेशाची तारीख नव्या नेमणूकपत्रात नोंदवून घ्यावी आणि तातडीची निकड नसल्यास निवृत्तिवेतन योजनेतील रक्कम काढू नये.

समारोप

उद्योगाची मालकी बदलणे हे अर्थव्यवस्थेच्या चलनवलनाचे लक्षण आहे. ते थांबवणे शक्य नाही व इष्टही नाही. परंतु यंत्रे व जमीन यांच्याबरोबर कामगारांनी दिलेली वर्षेही त्या उद्योगाच्या मूल्याचा भाग असतात. बार्शीच्या रेल्वेपासून जेट एअरवेजपर्यंतचा अनुभव असे सांगतो की केवळ मालकाच्या शब्दावर उभे असलेले निवृत्तिवेतन हस्तांतरणात डळमळते. स्वतंत्र निधीत ठेवलेले आणि अखंड सेवेच्या नोंदीवर आधारलेले निवृत्तिवेतन टिकते. सामाजिक सुरक्षेचे धोरण आखताना हाच निकष महत्त्वाचा मानावा लागेल.

अभ्यासासाठी प्रश्न

१. समभागांची विक्री आणि व्यवसायाची विक्री यांचा कामगारांच्या निवृत्तिलाभांवर होणारा परिणाम स्पष्ट करा.

२. भविष्य निर्वाह निधी कायद्यातील कलम १७-ब चे स्वरूप व मर्यादा उदाहरणासह सांगा.

३. ‘सेवेचे सातत्य हेच निवृत्तिवेतनाचे खरे भांडवल होय.’ या विधानाची चर्चा करा.

४. भारत संचार निगम, एअर इंडिया व दिल्ली विद्युत मंडळ यांच्या उदाहरणांवरून निर्गुंतवणूक धोरणासाठी कोणते धडे घेता येतील?